मधल्या गड्याचा उजवा पाय

"ह्यो कुनाचा पाय?"

उंबऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने नाणं खिडकीच्या उजेडाकडे धरलं होतं आणि डोळे बारीक करून तो ते न्याहाळत होता. मी हातातली कोरणी खाली ठेवून पुढे झाले.

"मधल्या गड्याचा," मी म्हटलं. "उचललेला पाय आहे. घुंगरं दिसतायत ना बाबा?"

"दिसतायत की. पन कंचा पाय?"

"उजवा."

"उजवा," तो पुन्हा म्हणाला आणि नाणं बोटांत फिरवत राहिला.

मला तेव्हा तेविसावं लागलं होतं आणि त्या नाण्याचा ठसा हा माझ्या हातचा पहिला ठसा होता. त्यामुळे म्हाताऱ्याच्या तोंडून आता कौतुकाचे दोन शब्द येतील म्हणून मी कान टवकारून उभी होते. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार शहाणपण आलं होतं.

गोष्ट एकाहत्तर सालच्या श्रावणातली. गिरगावातल्या एका वाडीत, तळमजल्यावर मागच्या अंगाला माझ्या वडिलांचं ठसे कोरायचं दुकान होतं. दुकान म्हणजे दीड खोली. एका खोलीत खिडकीशी कोरायचं मेज, उरलेल्या अर्ध्यात हाताने फिरवायचं दाबयंत्र. शाळांची पदकं, कुस्तीची कडी, लग्नात वाटायची लक्ष्मीची नाणी, असली कामं तिथे चालायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, बाहेरचे लोक रेवणकर मास्तर म्हणत. मला तीन भाऊ, पण तिघेही बँकेत आणि रेल्वेत चिकटले, म्हणून दादांनी कोरणी शेवटी माझ्या हातात दिली. "मुलगी आहे, पण हात थरथरत नाही," एवढीच माझी शिफारस ते लोकांना सांगत.

त्या वर्षी मुंबईत कोकणातल्या लोककलांचं एक संमेलन भरायचं होतं. त्यानिमित्त पाच नाचांची पाच चांदीची स्मरणनाणी काढायची असं संमेलनवाल्यांनी ठरवलं. व्यवहारात चालणारी नाणी नव्हेत, डबीत मखमलीवर ठेवायची. कोळी नाच, गोफ, फुगडी आणि काटखेळ यांचे ठसे दादांनी कोरले. पाचवा जाखडीचा त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घे. बिघडवलास तर पोलाद गेलं, आणखी काही नाही." ते असं म्हणाले याचा अर्थ ते मनातून धास्तावले होते, हे मला ठाऊक होतं.

जाखडी म्हणजे रत्नागिरीकडे गणपतीत नाचतात तो नाच. मध्ये बुवा बसून गातो, शेजारी ढोलकी आणि झांज, आणि भोवती गडी गोल धरून नाचतात. एकाच पायात घुंगरं बांधतात आणि तोच पाय ठेक्यावर आपटतात. मुंबईत राहणाऱ्या कोकण्यांची मंडळं आमच्या गिरगावातही नाचायला येत. लहानपणापासून मी गॅलरीतून पाहिलेलं, घुंगरं उजव्या पायात.

संमेलनाचे चिटणीस आठल्ये यांनी कोरायला म्हणून कोंडतळी गावच्या मंडळाचा एक फोटो आणून दिला. फोटो सुरेख होता, पण त्यात चौदाच्या चौदा गड्यांच्या डाव्या पायात घुंगरं होती. मी मनाशी म्हटलं, छापणाऱ्याने काच पालथी घातलेली दिसते. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. फोटो उलटा छापून येतो, आणि मग पदकावरचे पुढारी डाव्या हाताने ध्वजवंदन करतात. ठसा तर मुळातच उलटा कोरायचा असतो, म्हणजे नाणं सुलट उमटतं. त्यासाठी फोटोवरून पातळ कागदावर रेघा उतरवायच्या, कागद पालथा घालायचा आणि मग तो पोलादावर उतरवायचा. मी विचार केला, फोटो आधीच उलटा आहे, मग कागद पालथा कशाला घाला? तसाच ठेवला. एक पायरी वाचली आणि चूकही दुरुस्त झाली, म्हणून माझी मीच पाठ थोपटून घेतली. दादांनाही सांगितलं नाही. म्हटलं, नाणं निघालं की सांगू.

आणि आता बुधवारी सकाळी नमुन्याची पाच नाणी निघाली होती, शनिवारी तीनशे काढायची होती, रविवारी संमेलन होतं. कोंडतळीच्या मंडळातली दोन माणसं नमुना बघायला आली होती. एक भुवडबुवा, मंडळाचे गाणारे. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, मुंबईत छापखान्यात नोकरीला. दुसरा हा म्हातारा, धाकू मांडवकर. तो खास यासाठी गावाहून एसटीने आला होता.

बुवा केव्हाच आत येऊन स्टुलावर बसले होते. धाकूबाबा मात्र उंबऱ्यातच उभे होते आणि त्याला कारण दादांचा नियम होता. आमच्याकडे पायातलं काढून आत यायचं आणि जाताना दारातल्या गोणपाटावर तळपाय पुसायचे. कोरताना, कातरताना चांदीचा कीस फरशीवर सांडतो आणि तळव्याला चिकटून बाहेर जातो. गोणपाटासकट सगळा केर दादा जपून ठेवत आणि दिवाळीआधी गाळून घेत. या नियमातून कोणाची सुटका नव्हती. माझ्या थोरल्या वहिनीचे वडील, म्हणजे दादांचे सख्खे व्याही, एकदा पदक करून घ्यायला आले, त्यांनाही दादांनी पाय पुसायला लावले होते.

धाकूबाबांनी डाव्या पायातली चप्पल बाहेर काढली. उजव्या पायात चप्पल नव्हतीच, जुना कॅनव्हासचा बूट होता, नाडी घट्ट आवळलेला. तो त्यांनी काढला नाही.

"बाबा, तोही काढा," दादा मेजावरून मान न उचलता म्हणाले.

"त्यो ऱ्हाऊ द्या."

"इथे चांदीचं काम असतं. पायातलं घालून आत येत नाहीत."

"मंग मी हितंच बरा हाय," धाकूबाबा म्हणाले. डावा अनवाणी पाय त्यांनी आत टाकला, बुटातला बाहेर ठेवला आणि तसेच उंबऱ्याच्या दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिले. मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

तर ते तसे उभे होते आणि नाण्यावरचा पाय बघत होते. मला राहवेना. मी आपणहून सांगायला लागले.

"तुमच्या फोटोत चूक होती बाबा. छापणाऱ्याने तो उलटा छापला होता. सगळ्यांची घुंगरं डाव्या पायात आली होती. मी ते ओळखलं आणि सरळ केलं. नाहीतर नाण्यावर सगळं डावं झालं असतं आणि लोक हसले असते तुम्हाला."

बुवा स्टुलावरून अर्धवट उठले. "बाय, अगो..." ते म्हणाले.

"बुवा," धाकूबाबांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. मग माझ्याकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "असं व्हय. हुशार हाय पोर. बरोबर हाय बाय. समद्यांचं उजव्याच पायात असतंय."

"आवडलं ना?"

"चांगला झालाय. नाक, डोळं, समदं चांगला झालाय."

त्यांनी नाणं माझ्या हातात दिलं, आतला डावा पाय गोणपाटावर पुसला, चप्पल घातली आणि निघाले. बुवाही मान खाली घालून निघाले. वाडीच्या फरशीवर चप्पल आणि बूट यांचा वेगवेगळा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

मी नाणं पुसून मखमलीवर ठेवलं. माझा चेहरा फुललेला असणार, कारण दादा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"काय ग," ते म्हणाले, "फोटो उलटा होता हे तू कशावरून ओळखलंस?"

"घुंगरांवरून."

"आणखी कशावरून?"

"आणखी कशाला? जाखडीत घुंगरं उजव्या पायात असतात. सगळ्यांना माहीत आहे."

दादा काही बोलणार तेवढ्यात बुवा परत आले. छत्री विसरली म्हणाले. छत्री त्यांच्या काखेतच होती. ते स्टुलावर बसले, खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाले, "बाय, तुज्यावर राग नाय माजा. पन फोटो उलटा नव्हता."

मी मखमलीवरच्या नाण्याकडे बघितलं.

"आमच्या मंडळात डाव्याच पायात बांधतात. अख्ख्या तालुक्यात आमचं येकच मंडळ तसं."

"का?" दादांनी विचारलं.

"ह्या धाक्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं. धाकू मांडवकर तरुणपणी गोदीत कामाला होता. जाखडीत त्याच्यासारखा पाय पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. तो पाय आपटायचा तर बुवाचं गाणं क्षणभर ऐकू यायचं नाही. बावन्न साली गोदीत त्याच्या उजव्या पायावर पेटी पडली आणि पाचही बोटं गेली. टाच वाचली. चालायला लागला, नोकरी मात्र सुटली, गावी आला. गणपती जवळ आले तेव्हा मंडळाची तालीम सुरू झाली. धाकू येऊन कोपऱ्यात बसला. पाय टेकून उभं राहता येई, पण आपटायला गेला की कळ मस्तकात जाई.

"तेव्हा माजा बाप गायला बसायचा," बुवा म्हणाले. "त्यो धाक्याला बोलला, उठ, नाच. धाक्या बोलला, आता कंच्या पायानं नाचू? बाप बोलला, हाय त्या पायानं. डाव्यात बांध. धाक्या बोलला, तेरा जनांचा उजवा पडनार नि माजा येकट्याचा डावा, नाच इस्कटेल. तवा बापानं ढोलकी थांबवली. समद्यांना बोलला, सोडा रं घुंगरं. बांधा डाव्यात."

दाबयंत्राशी मी उभी होते.

"बाय, दीड महिना तालीम केली आमी. मी तवा तीस वर्साचा. जन्माची सवय उजव्या पायाची. पडायचो येकमेकांच्या अंगावर. पन गनपतीत चौदा डावं पाय येका ठेक्यात पडलं. बाकीची मंडळं हसायची, कोंडतळीचं डावरं मंडळ म्हनायची. हसू देत. चौदा वर्सं नाचला त्यो आमच्यात. मंग गुडघं गेलं म्हनून बसला. पन डावा पाय ऱ्हायला तो ऱ्हायलाच. आता नवीन पोरं नाचतात त्यांना ठावं पन नाय का म्हनून डावा. त्यांना वाटतं आमची रीतच हाय."

"आणि बाबा काही बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"त्यो कसा बोलंल? त्येनं येकोणीस वर्सं कुनाला पाय दावला नाय. बायकोच्या म्होरं पन मोजा घालून निजतो. अन् येष्टीतनं उतरल्यापास्नं मना येकच सांगत व्हता. बुवा, मी मरंन, तू मरशील, पोरं उद्या उजव्यात पन बांधतील. पन नान्यावरचा डावा पाय कोन बदलंल?" बुवा उठले. "मी सांगितलं असं त्येला कळू देऊ नका. त्येनं बरोबर हाय म्हटलं, तर आता तेच बरोबर."

ते गेल्यावर दादांनी मेजाच्या खणातून फोटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला. भिंग वर ठेवलं.

"मध्ये बसलेल्या बुवाचा सदरा बघ," ते म्हणाले.

मी भिंगातून पाहिलं. बुवांच्या सदऱ्याला खिसा होता, खिशाला पेन लावलेलं होतं. खिसा त्यांच्या डाव्या छातीवर होता, जिथे असायला हवा तिथे. फोटो सुलट होता. बुवा नाण्यावर येणार नव्हते म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. धंद्यातली पहिली गोष्ट, जी दादांनी मला दहाव्या वर्षी शिकवली होती, की फोटो आला की आधी खिसा बघ, ती मी अक्कल पाजळण्याच्या नादात विसरले होते.

मी रडले. दादांनी रडू दिलं. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं, पण ते स्टुलावर चढले आणि फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेला पोलादाचा एक गोल तुकडा काढून आणला.

"पाणी दिलेल्या ठशात काही बदलता येत नाही," ते म्हणाले. ठसा कोरून झाला की तापवून पाण्यात बुडवतात, मग तो दगडासारखा होतो, त्यावर कोरणी चालत नाही. "हा नवीन घे. आज बुधवार. शनिवारी सकाळी यंत्रावर चढला पाहिजे. उजेड सहापर्यंत असतो. नाक पूस आणि बस."

"आठल्यांना काय सांगायचं?"

"ते मी बघतो."

आठल्ये गुरुवारी दुपारी आले. अनवाणी, शिस्तीत. नवा ठसा कोरला जातोय हे बघून त्यांचा चेहरा पडला. पहिला नमुना त्यांनी पास केलेला होता. वर, जाखडीत घुंगरं उजव्या पायात बांधतात असं त्यांनी स्वतः स्मरणिकेत लिहून छापायला दिलं होतं.

"मास्तर, डावा पाय म्हणजे तज्ज्ञ लोक चूक काढतील. उजवाच शास्त्रशुद्ध आहे."

"असेल," दादा म्हणाले. "मग दुसऱ्या मंडळाचा फोटो आणा. या नाण्यावर खाली नाव कोंडतळीचं कोरलंय. नाव कोंडतळीचं असेल तर पायही कोंडतळीचाच हवा."

आठल्यांनी वाकून नवा ठसा बघितला. मग म्हणाले, "स्मरणिकेतली ती ओळ गाळता येईल," आणि पाय पुसून निघून गेले. चांगला माणूस होता. मी त्यांना मनातून उगाच नावं ठेवली होती.

मी तीन दिवस मान वर केली नाही. कागद या वेळी पालथा घातला. तीन गडी, मागे गोलाची कड, मधल्याचा डावा पाय उचललेला, घुंगरांचा एकेक दाणा. शुक्रवारी संध्याकाळी सगळं झालं होतं, फक्त खाली टेकलेले पाय उरले होते. मधल्या गड्याच्या उजव्या पायाशी कोरणी आली आणि माझा हात थांबला.

फोटोतला मधला गडी विशीतला कोणी पोरगा होता. त्याच्या पायाला पाच बोटं होती. पहिल्या ठशात ती मी मोठ्या हौसेने कोरली होती, एकेक नख दिसेल अशी. आता मला तो पोरगा दिसेचना. मला उंबऱ्यातला बूट दिसत होता. ज्याच्या पायासाठी तेरा जणांनी आपला पाय बदलला तो पाय नाण्यावर नसावा, आणि ज्याला काही झालंच नाही त्याचा असावा, हे मला सोसेना. पण ज्या माणसाने एकोणीस वर्षं पाय झाकला, त्याचा पाय चांदीत उमटवायचा मला काय अधिकार? मी कोरणीला धार लावून घेतली. मग टाच कोरली, घोटा कोरला, पुढचा भाग बोथट सोडला आणि कोरणी ठेवली.

शनिवारी सकाळी दादांनी ठशावर मेण दाबून बघितलं. भिंग लावून ते एकेक गडी तपासत गेले. मध्यावर थांबले.

"मधल्या गड्याच्या उजव्या पायाची बोटं राहिली."

"राहिली नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी भिंग खाली केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"म्हाताऱ्याला नाही रुचलं तर?"

"माहीत नाही, दादा."

"एकदा पाणी दिलं की बोटं चिकटवता येत नाहीत."

"ते माहीत आहे."

दादांनी भट्टीकडे बोट केलं. "मग दे पाणी."

मी ठसा तापवला, लाल झाला तसा चिमट्याने उचलला आणि पाण्यात सोडला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तीनशे नाणी काढली, त्यांनी यंत्र फिरवायचं आणि मी चांदीच्या चकत्या लावायच्या असं करत.

परवा, म्हणजे झाली दोन वर्षं, माझी नात मला नाण्यांच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेली. काचेखाली ते नाणं होतं. शेजारी चिठ्ठी होती: 'जाखडी नृत्य, स्मरणनाणे, १९७१. किरकोळ ठसादोष: मधल्या नर्तकाच्या उजव्या पायाची बोटे उमटलेली नाहीत.' संग्राहक तरुण होता, उत्साही होता. त्याने मला समजावून सांगितलं, की आजी, कोरणाऱ्याची घाई झाली की असं होतं. मी म्हटलं, हो का. नात माझा हात दाबत होती, कारण तिला सगळं ठाऊक होतं, पण मी तिला बोलू दिलं नाही. तो पहिला चुकीचा नमुना अजून माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे. त्यात काही म्हणता काही दोष नाही.

बाकी सगळं विसरायला झालं तरी तो रविवार मी विसरणार नाही. सकाळी आठ वाजता, संमेलनाला जायच्या आधी, धाकूबाबा आणि बुवा नाणी न्यायला आले. धाकूबाबा नव्या धोतरात होते. डावी चप्पल बाहेर निघाली. डावा पाय आत, उजवा बाहेर.

मी डबी उघडून पहिलं नाणं त्यांच्या हातात दिलं.  पहिल्यांदाच माझे हात थरथरत होते.

त्यांनी नाणं उजेडाला धरलं. डोळे बारीक केले. मग विचारलं, "ह्यो कंचा पाय?"

"डावा," मी म्हटलं. "मी चुकले होते बाबा."

त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा घाईघाईने छताकडे बघायला लागले. धाकूबाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आधी डोळ्यांत, मग मिशीखाली. त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. घुंगरांवरून वर, गुडघ्यावरून खाली, आणि दुसऱ्या पायावर अंगठा थांबला. पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

दादा उठले आणि त्यांनी आपलं भिंग धाकूबाबांच्या हातात दिलं. ते भिंग ते कोणाच्या हातात देत नसत.

धाकूबाबांनी भिंगातून बघितलं. हसू गेलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, मेल्या हातांनी काय करून बसले. या माणसाचं झाकलेलं मी तीनशे लोकांच्या हातात दिलं.

"बाबा..." मी म्हटलं.

त्यांनी हाताने मला गप्प केलं. भिंग दादांना परत दिलं. मग ते उंबऱ्यावर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ फार आवळलेली होती. बुवा खाली वाकले, तर त्यांनी बुवांचा हात बाजूला केला. गाठ सुटली. बूट निघाला, त्यात कोंबलेला चिंध्यांचा बोळा निघाला, मोजा निघाला. सगळं त्यांनी बाहेर चपलेशेजारी नीट ठेवलं, चौकटीला धरून उभे राहिले, आणि उजवा पाय उचलून आत फरशीवर टेकवला.

"आता दाव बाय," ते म्हणाले. "नानं कसा पाडतात ता तरी बघू दे मना."

मी त्यांना सगळं दाखवलं. मेज, कोरण्या, भट्टी, ठसा. दाबयंत्रापाशी त्यांनी दांडा स्वतः फिरवला आणि एक नाणं स्वतःच्या हाताने काढलं. दीड खोलीत त्या दिवशी ते अर्धा तास फिरले, टाचेवर भार देत, आणि फरशीवर एक अख्खं आणि एक अर्धं अशी पावलं उमटत गेली. आमच्यापैकी कोणी खाली बघितलं नाही आणि कोणी मुद्दाम वरही बघितलं नाही.

निघताना ते गोणपाटावर आले. आधी डावा पाय पुसायला त्यांनी उचलला आणि म्हणाले, "थांबा हां बुवा, मास्तरांची चांदी जायाची."

दादा मेजावरून उठून दारापर्यंत गेले. सख्ख्या व्याह्यांनाही पाय पुसल्याशिवाय बाहेर न सोडणारे माझे वडील खाली वाकले आणि त्यांनी ते गोणपाट ओढून बाजूला घेतलं.

"नका पुसू, बाबा," ते म्हणाले. "तसेच जा."